नगरच्या मंडळ्या आणि दूरदेशीचे वाद

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतील सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ नावाचे जहाज कलकत्त्याला निघाले. त्यावर अडोनिरम जडसन हा तेवीस वर्षांचा तरुण पाळक (ख्रिस्ती धर्मोपदेशक) आपल्या नवविवाहित पत्नीसह होता. त्याला पाठवणारे अमेरिकन बोर्ड हे मिशनरी मंडळ कॉन्ग्रिगेशनल पंथीयांचे, म्हणजे तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देणाऱ्यांचे होते. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्याचे सहकारी होते ते बॅप्टिस्ट, म्हणजे जाणत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच त्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे. तेथे पोहोचल्यावर या मुद्द्यावर वाद निघणार हे जडसनला ठाऊक होते, म्हणून उत्तराची तयारी करण्यासाठी त्याने प्रवासात मूळ ग्रीक वचने पुन्हा तपासायला घेतली. तपासता तपासता त्याचेच मत बदलले. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात त्याने बॅप्टिस्ट पद्धतीने नव्याने बाप्तिस्मा घेतला, आणि दुसऱ्या जहाजाने आलेला त्याचा सहकारी ल्यूथर राइस हाही त्याच्यामागून गेला. राइस अमेरिकेत परतून तेथील बॅप्टिस्टांना संघटित करू लागला, जडसन ब्रह्मदेशात गेला, आणि जे कॉन्ग्रिगेशनल राहिले त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले.

या मिशनाच्या तोंडचा एक शब्दही कुणा मराठी माणसाच्या कानी पडण्याआधी त्यात फूट पडलेली होती. नगर (अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, माझा बाप्तिस्मा झाला ती याच मिशनाची. मी महिन्याचासुद्धा नसताना माझ्या कपाळावर पाणी शिंपडले गेले आणि ब्रह्मदेशातल्या माझ्या वयाच्या ख्रिस्ती मुलाला त्यासाठी जाणता होईपर्यंत थांबावे लागले, यामागे माझ्या किंवा त्याच्या पूर्वजांनी केलेला कोणताही विचार नाही. मराठी ख्रिस्ती समाजाच्या पंथभेदांविषयी मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ येथे आहे. आमचे पंथ आम्ही निवडलेले नाहीत. कोणत्या तालुक्यात कोणते मिशन आधी पोहोचले यावर ते ठरले, आणि एकदा ठरल्यावर मात्र आम्ही ते वतनासारखे सांभाळले.

प्रॉटेस्टंट धर्म इंग्रजी राज्याच्या आश्रयाने पसरला असे सरसकट म्हटले जाते. ते खरे आहे, पण त्यातले तपशील गुंतागुंतीचे आहेत. हॉल आणि नॉट यांना कंपनी सरकार मुंबईत राहूच देत नव्हते. मिशनऱ्यांमुळे रयत बिथरेल आणि व्यापाराला धोका होईल ही कंपनीची जुनी भीती होती. त्यातच इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले होते. परत पाठवणी टाळण्यासाठी ते दोघे मुंबईतून निसटून कोचीनपर्यंत गेले आणि तेथून त्यांना परत आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे त्यांची हकालपट्टी लांबली, आणि १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना परवान्याने येण्याची वाट मोकळी करून दिली. त्याच सनदेने कलकत्त्याला सरकारी खर्चाने अँग्लिकन बिशप (इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चचा धर्माध्यक्ष) नेमण्याची तरतूद केली. तेव्हापासून या देशात दोन प्रकारचे प्रॉटेस्टंट धर्मकारण एकाच वेळी चालू राहिले. एकाच्या पाठीशी सरकारी पगार आणि छावणीतले चर्च होते. दुसऱ्याच्या पाठीशी समुद्रापलीकडच्या गावोगावच्या वर्गण्या. खेड्यातल्या माणसाला अर्थातच दोघेही साहेबच दिसत.

त्याआधीच्या अडीच शतकांचा हिशेब वेगळा आहे आणि तो रोमन कॅथलिकांचा आहे. वसई, साष्टी, गोवा येथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज सत्तेखाली घडला. पण युरोपातली फूट तेथेही एका विलक्षण रूपाने पोहोचली होती. १५७९ मध्ये गोव्यात आलेला आणि पुढे १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारा फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता, आणि त्याच्या मायदेशी कॅथलिक राहणे हा गुन्हा ठरू लागला होता. इंग्लंड प्रॉटेस्टंट झाले नसते तर तो गोव्याला येता ना. कॅथलिकांतही पुढे सारे सुरळीत होते असे नाही. पोर्तुगालच्या राजाच्या अधिकारातले धर्मगुरू आणि थेट रोमहून नेमलेले धर्मगुरू यांच्यातला अधिकाराचा वाद मुंबईत १९२८ पर्यंत पुरला. एकाच शहरातली ख्रिस्ती देवळे दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती, आणि हे भांडण लिस्बन आणि रोम यांचे होते, माहीम आणि गिरगाव यांचे नव्हे.

स्कॉटिश मिशनाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मे १८४३ मध्ये स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च दुभंगले. मंडळीचा पाळक कुणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा मुद्दा होता. शेकडो पाळक घरदार आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ उभे केले. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे. तत्त्वासाठी राहते घर सोडणे सोपे नसते. पण त्या वादाची झळ मुंबई-पुण्याला लागायचे काय कारण होते? येथे ना स्कॉटिश जमीनदार होते ना त्यांचा नेमणुकीचा हक्क. तरीही हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चकडे गेले, आणि मुंबईतल्या शाळेची इमारत जुन्या चर्चची असल्यामुळे त्यांना ती सोडून दुसरीकडे वर्ग थाटावे लागले. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या ज्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकत होते तिचे चालक याच सुमारास एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेले. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वर्ग, शिक्षक आणि पुस्तके तीच राहिली असणार. स्कॉटलंडमधली ती फूट १९२९ पर्यंत बहुतांशी मिटली. येथे मात्र त्या काळात पडलेल्या नावांनी मंडळ्या पुढेही ओळखल्या जात राहिल्या.

आता नगर. अमेरिकन मिशनाने १८३१ मध्ये तेथे ठाणे केले. सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा तेथे निघाल्या, ज्या पाहून जोतीरावांना प्रेरणा मिळाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तेथूनच निघू लागले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कॉन्ग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहते, पाळक स्वतः निवडते, तिच्यावर बिशप नसतो. न्यू इंग्लंडच्या गावसभेतून आलेली ही रीत शिंगवे, चांदे, राहुरी, वडाळा अशा गावांच्या महारवाड्यात रुजवण्याचा प्रयत्न झाला. ज्यांना गावच्या चावडीवर बसण्याची मुभा नव्हती त्यांनी पाळक कोण असावा यावर मत द्यायचे, ही गोष्ट लहान नव्हती. पंथांच्या भांडणांवर कितीही टीका केली तरी हे श्रेय त्या पद्धतीला मी मनापासून देतो.

मग दुष्काळ आले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे अँग्लिकनांची एस. पी. जी. ही संस्था नगर जिल्ह्यात काम करू लागली, आणि १८७८ च्या सुमारास जेजुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन फादरांनी राहुरी तालुक्यात केंदळ येथे पाय रोवला. मिशनांमध्ये एकमेकांच्या हद्दीत न शिरण्याचा अलिखित संकेत होता. अमुक जिल्हा तुमचा, तमुक आमचा. अँग्लिकनांना तो नेहमीच मान्य होता असे नाही आणि कॅथलिकांना तो लागूच नव्हता. जेथे तो पाळला गेला तेथेही पंथ कसा ठरला हे पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरला १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हा अमेरिकन बोर्डाचाच मिशनरी गेला. शाळांच्या धोरणावरून त्याचे बोर्डाशी बिनसले, काही वर्षे त्याने एकट्याच्या बळावर काम रेटले आणि अखेर १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन (वडीलमंडळाकडे कारभार सोपवणाऱ्या पंथाच्या) बोर्डाकडे सोपवले. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडचा ख्रिस्ती माणूस तेवढ्यावरून प्रेस्बिटेरियन झाला. या पंथाचा मूळ विचारवंत, जिनिव्हाचा कॅल्विन, त्याला पटला होता की नव्हता, हे कुणी विचारले नाही.

राहुरीकडच्या माझ्या आजोबांच्या गावी अमेरिकन मिशन होते; आईचे माहेर एस. पी. जी.चे. दोन्ही घरांची भाषा एक, भाकरी एक, नाताळचा फराळसुद्धा एकच, तरी प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, पद्धत वेगळी. वडिलांकडच्या मंडळीत आम्ही बाकांवर बसून राहायचो आणि वडील मंडळी लाकडी तबकातून द्राक्षरसाच्या अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्या फिरवत. सर्वांच्या हाती पेली आली की पाळकाच्या शब्दासरशी सारे एकदम पीत. आजोळी माणसे रांगेने वेदीच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकत, पाळक प्रत्येकाच्या ओंजळीत पातळ वाटोळी भाकर ठेवी, आणि चांदीचा एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागत जाई. प्रत्येक वेळी त्याची कड पांढऱ्या रुमालाने पुसून किंचित फिरवली जात असे. लग्नानंतर पहिल्या रविवारी आई पेली हाती येताच जागीच गुडघ्यावर बसली आणि मागच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले, हे ती पुढे अनेकदा सांगे. एकाच प्याल्याला महार आणि मांग दोघांचे ओठ लागणे याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कारण आमच्यातली जुनी भिंत परदेशातून आलेली नव्हती. गावकुसाबाहेरच्या दोन वस्त्यांमध्ये जे अंतर होते ते बाप्तिस्म्याने पुसले गेले नाही. कित्येक गावांत महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती वेगळे बसत, सोयरिकी होत नसत, आणि एका वस्तीने एक मिशन धरले की दुसरीने दुसऱ्या मिशनाकडे वळावे असेही घडे. ब्राह्मण घराण्यांतून आलेले थोडे ख्रिस्ती लोक पाळक, शिक्षक, संपादक झाले आणि त्यांचे सोयरसंबंध बहुधा आपापसातच राहिले. मिशनऱ्यांच्या पंथभेदाने या जुन्या दुराव्याला नवे, सभ्य नाव मिळाले. ‘ते दुसऱ्या मिशनाचे’ असे म्हटले की जात उच्चारावी लागत नसे. आमच्या फुटीचा सगळा दोष बॉस्टन आणि लंडनच्या मिशन-कचेऱ्यांवर टाकणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही.

परदेशातला वाद येथल्या माणसाच्या काळजाला खरोखर भिडला असे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. रॉबर्ट ह्यूम हे अमेरिकन मिशनाचे नगरचे मिशनरी १८४७ मध्ये मुंबईतच जन्मले होते आणि नगरची धर्मशिक्षण शाळा त्यांनी १८७८ मध्ये सुरू केली होती. नवा ख्रिस्ती झालेला माणूस धर्मगुरूला एक प्रश्न हमखास विचारतो: ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही ते माझे आईबाप मेल्यावर कोठे गेले? कडक मताचे उत्तर होते की ते नरकात गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर येथील काही धर्मपंडित त्या वेळी म्हणू लागले होते की जिवंतपणी ज्यांना संधी मिळाली नाही त्यांना मरणानंतर ती मिळत असेल. १८८६ मध्ये मायदेशी गेलेल्या ह्यूम यांनी या विचाराला जाहीर सहानुभूती दाखवली, आणि बोर्डाच्या समितीने त्यांना नगरला परत पाठवायचेच नाकारले. पुष्कळ वादानंतर १८८७ मध्ये त्यांना परतण्याची परवानगी मिळाली. पंथांच्या इतिहासात हे प्रकरण अँडोव्हरचा वाद म्हणून नोंदले गेले आहे. पण ज्यांच्या गतीचा निर्णय समुद्रापलीकडच्या समितीच्या मेजावर होत होता त्यांत माझ्या खापरपणजोबांच्या पिढीची माणसेही होती. पितरांना विसरून न जाणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न किती सलत असेल, हे ह्यूम यांना उमगले याचे कारण ते त्याच माणसांत जन्मले आणि राहिले होते.

परदेशी चर्चचे मत मानावे की नाही या प्रश्नाला पंडिता रमाबाई वेगळ्या बाजूने भिडल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगोलग त्यांना कळून आले की ख्रिस्ती होणे आणि इंग्लंडच्या चर्चचे सर्व सिद्धांत निमूट मान्य करणे या दोन गोष्टी एकच धरल्या जात आहेत. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा) सिद्धांत त्यांना आहे तसा गिळवेना. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना शास्त्रार्थाची सवय असलेल्या घरातली मुलगी प्रत्येक पत्रात दिसते: वचन दाखवा, मग मानते; बिशपचे मत हे वचन नव्हे. इतके पंथ, आणि प्रत्येक जण खरा मार्ग आपलाच असे सांगणारा, यामुळे आपण किती गोंधळलो हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याच पंथाच्या दावणीला बांधले नाही. रमाबाईंना हिंदू समाजाने धर्म सोडला म्हणून दूर केले आणि चर्चने आज्ञा पाळत नाही म्हणून. दोन्हीकडची ही एकटेपणाची किंमत त्यांनी पुरती मोजली.

कवी नारायण वामन टिळकांचा मार्ग गाण्याचा होता. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो त्यांनी परदेशी मिशनऱ्याकडून न घेता तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून घेतला. नगरच्या मंडळ्यांत कीर्तनाची परंपरा १८६० च्या दशकापासूनच सुरू झालेली होती. टिळकांनी तिला अभंग आणि भजने दिली. मला अद्भुत वाटते ते हे की या भजनांना कोठेही नाका लागला नाही. अमेरिकन मिशन, एस. पी. जी., स्कॉटिश, प्रेस्बिटेरियन, सर्व मंडळ्यांनी ती उचलली, पंथ न विचारता. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन होते, म्हणजे ‘दुसऱ्या मिशनाचे’, आणि त्यांनी स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघावर टिळकांच्या विचारांची गडद छाया आहे. १९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनाची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत, चर्चच्या सदस्यत्वाचा दाखला कुणी मागू नये, ही त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार दिवस टिकला नाही. मराठी ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या बुद्धीने मांडलेली ती पहिली मंडळी होती असे मला वाटते, आणि ती मोडू दिली हे आमच्या समाजाचे मोठे नुकसान आहे.

टिळक गेले त्याच महिन्यात, तिकडे दक्षिणेत ट्रँकेबार येथे बिशप अझरय्या आणि इतर बहुतांशी भारतीय पाळक एकत्र जमले होते. हा फुटीरपणा आम्ही निर्माण केलेला नाही, तो आमच्यावर बाहेरून लादला गेला आहे आणि तो पुढे चालवण्याची आमची इच्छा नाही, अशा आशयाचे पत्रक त्यांनी काढले. पुढचा प्रवास संथ होता. १९२४ मध्ये उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन आणि कॉन्ग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. १९४७ मध्ये दक्षिण भारतातले चर्च एकत्र आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा संस्था मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. जडसनने ज्या मुद्द्यावर पंथ बदलला त्या मुद्द्यावर या नव्या चर्चने तोडगा काढला: तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही ग्राह्य. माझे वडील आणि मामा एकाच बिशपच्या हाताखाली आले. ज्यांच्या आजोबांना बिशप म्हणजे काय हे माहीत नव्हते त्या मंडळीने तो मानला, ही उदारता दोन्ही बाजूंनी दाखवली गेली.

सिद्धांत जुळले, पण मिळकती जुळेनात. मिशनांनी मागे ठेवलेले बंगले, शाळा, दवाखाने, दफनभूमी आणि भर गावातल्या जमिनी वेगवेगळ्या न्यासांच्या नावावर होत्या. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्याखाली नोंदलेला न्यास केवळ मंडळीच्या ठरावाने दुसऱ्यात विरघळत नाही. गुजरातेतील ब्रेदरेन मंडळीच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले, आणि एकीकरणाने मिळकत आपोआप चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे जात नाही असे सांगितले. महाराष्ट्रातही जुन्या नावाने स्वतंत्र होऊ पाहणारे गट आणि त्यांना विरोध करणारे गट धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वर्षानुवर्षे तारखा घेत असतात. अर्जात पंथाच्या इतिहासाचे दाखले असतात. विषय बहुधा सातबाराचा असतो. प्रेस्बिटेरियन कुणाला म्हणावे हा प्रश्न दिवाणी न्यायाधीशापुढे वकिलांनी मांडावा, हे पाहणे माझ्यासारख्याला वेदनेचे आहे.

नगर जिल्ह्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा भरते, तेथे कॅथलिकांबरोबर प्रॉटेस्टंट आणि हिंदूही येतात, आणि रांगेत कुणी कुणाला मिशन विचारत नाही. दुसरीकडे नगर, श्रीरामपूर, पुण्यात नव्या फेलोशिपा (स्वतंत्र प्रार्थनामंडळ्या) निघत आहेत. भाड्याच्या हॉलात ढोलक, की-बोर्ड, उंच आवाजातली प्रार्थना, आणि पुन्हा बुडवून दिलेला बाप्तिस्मा. माझ्या नात्यातली तरुण मुले तेथे जातात, आणि त्यांच्या आनंदात मला खोट दिसत नाही. पण त्यांतल्याही कित्येक फेलोशिपा दोन-चार वर्षांत दुभंगतात, आणि त्याचे कारण एखाद्या परदेशी बोर्डाचा हुकूम नसतो. दोन उपदेशकांचे पटत नाही, वर्गणीचा हिशेब जुळत नाही, किंवा एका वस्तीची माणसे दुसऱ्या वस्तीच्या पाळकाला मानत नाहीत. ट्रँकेबारच्या पाळकांना १९१९ मध्ये जे प्रामाणिकपणे म्हणता आले ते यांच्याविषयी मला म्हणता येत नाही.